रूपालीचा पॉइंट

बसवकल्याण, ६ नोव्हेंबर

रूपाली,

माझा नंबर तू ब्लॉक केलास. मामाच्या फोनवरून लावला तर तोही ब्लॉक केलास. गुंडेरावमामा दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना सांगत बसलेत, "आमच्या भाच्यापायी आमच्यावरबी बंदी आलीय." म्हणून हा कागद. हर्षिताच्या हाती देतोय. ती तुझी डबल्सची जोडीदार, तिला तू नाही म्हणणार नाहीस.

सगळ्यात आधी हे, की मला पस्तावा झालेला नाही. वीरभद्रप्पा सरांचा जबडा मोडलाय, वरचे-खालचे दात तारेनं बांधलेत, नळीनं आंबील पितायत म्हणे. पिऊ देत. रॅकेटची कड लागली तेव्हा वाळलेली तुरकाठी मोडावी तसा आवाज झाला होता. तो अजून माझ्या मनगटात आहे. झोपताना हात उशाखाली घेतो.

जो तो आपापलं सांगायलाय, तर मी माझं सांगतो. आपल्या युनिव्हर्सिटीत टीमा दोन आणि प्रॅक्टिसला कोर्ट एक. मुलांची टीम ती नुसती 'टीम', तुमची ती 'लेडीज'. आम्हाला संध्याकाळचा गारवा, तुम्हाला दुपारचा तापलेला मुरूम. आमचे झिजून टक्कल पडलेले बॉल तुमच्या टोपलीत. तुमच्या प्रॅक्टिसच्या आधी कोर्टावर पाणी मारून रोलर कोण फिरवून ठेवायचं, हे तुला कधी कळलं का न्हाई मला माहीत नाही. गडी फिरवत नव्हता, एवढंच सांगतो.

त्या दिवशी स्पर्धेत मी सकाळीच हरलो होतो. डोकं तापलेलंच होतं. तू कलबुर्गीच्या सुधारानीशी खेळत होतीस, जिंकायला आली होतीस. तिचा बॉल तुझ्या मागच्या लाईनीपाशी पडला, तू 'आऊट' म्हणालीस. आपल्याकडं प्रत्येक कोर्टाला पंच कुठले? आपल्या बाजूचा बॉल आपणच सांगायचा, समोरच्यानं मानायचं. सुधारानीनं मानलं नाही. तिनं सरांना हाक मारली. सगळ्या कोर्टांवर मिळून तेच एक रेफ्री. ते मुरुमावरचा ठसा बघायला आत आले आणि येता येता म्हणाले, "पोरींना टीम देता येती, इमान कुठून द्यायचं?"

मी तारेच्या पलीकडं उभा होतो. एवढं ऐकलं आणि तारेवरून उडी मारली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तू आऊट म्हणालीस म्हणजे बॉल आऊट. विषय संपला.

युनिव्हर्सिटीनं दोन्ही टीमा बंद केल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी गिरिधरनं मला जिमखान्याच्या मागं बोलावलं. कॅप्टन म्हणून चौकशी करील वाटलं. चौघं होते. "तुझ्या लैलापायी आमचं साल गेलं," म्हणाला आणि पोटात लाथ घातली. पडल्या पडल्या मी त्याचं मनगट दातांत धरलं. रॅकेटचं मनगट. रक्ताची चव आली तरी सोडलं नाही, शेवटी त्यांनी माझं नाक दाबलं तेव्हा तोंड उघडलं. तिथून सरळ ऑफिसात जाऊन दाखला मागितला. बी.एस्सी. गेली. क्लार्क म्हणाला, "शर्ट तरी बदलून ये."

बाबांचं तू ऐकायला हवं होतंस. "मुकुंदराव मास्तरांचा मुलगा चेंडूपायी माणसं फोडतोय." मला जामिनावर सोडवून मामाच्या ट्रॅक्टर-पार्टच्या दुकानात आणून टाकलंय.

पोलिसांतल्या जबाबाची काळजी करू नको. बाबांच्या ओळखीच्या वकीलकाकांनी तो नीट बसवून दिलाय. त्यात तुझी बाजू एकदम भक्कम केली आहे.

आणि सर बरे होऊन पुन्हा तुझ्याबद्दल काही बोलले, तर त्यांची दुसरी बाजू अजून शाबूत आहे.

संकर्षण

बसवकल्याण, १३ नोव्हेंबर

रूपाली,

पाठ टेकवत नाही, पालथं पडूनच लिहायलोय, पोस्टानं तुझ्या गावाला टाकीन. अक्षर लागलं नाही तर तुझ्या वडलांना दोष दे.

हर्षिताचा फोन आला होता. म्हणाली, "तुझी चिठ्ठी तिनं वाचली अन् फाडली. दुसरी देऊ नको, द्यायला ती हाय कुठं? तिचा बाप आला, हॉस्टेलातून वळकटी उचलली, घेऊन गेला." कामून, विचारलं तर म्हणे, "तुझ्या वकिलाला इचार." आणि ठेवला.

म्हणून मी मामाची गाडी काढून तुझ्या गावाला आलो. मला वाटलं होतं, तुझ्या वडलांना सांगावं की मी आहे. आता लिहिताना हसू येतंय. मी आहे म्हणजे कोण आहे?

नरसिंगअण्णा गोठ्यापुढं कासरा वळत बसले होते. मी नाव सांगितलं. ते सावकाश उठले. कासरा दुहेरी केला. मला वाटलं खुंटीला अडकवतायत. पहिला तडाखा मानेवर बसला, दुसरा पाठीवर, मग मोजायचं राहिलं. तुझी आई, भागाबाई, चुलीपासनं ओरडली, "मारा, पण डोळ्याला लावू नका, कुणाचं तरी लेकरू हाय." मी हात उचलला नाही. तुझे वडील नसते तर उचलला असता, हेही लिहून ठेवतो.

"माझ्या पोरीचा दंड धरला म्हणं त्या मास्तरानं," प्रत्येक तडाख्याला ते म्हणत होते. "पाराजवळ चौघं मला इचारायलेत. अन् मला ठावंच न्हाई. पोरीला खेळाया पाठवलो का दंड धरून घ्याया?"

तेव्हा तू आतून आलीस. "अप्पा, सरांनी मला हात लावला न्हाई. हे ह्यानं लिहून दिलंय."

कासरा थांबला. तो चालू राहिला असता तर बरं झालं असतं.

व्हय, मी लिहून दिलं. वकीलकाका म्हणाले, नुसतं बोलण्यावरून जबडा मोडला म्हटलं तर सरळ आत जाशील. मुलीचा हात धरला, झटापट झाली, तिला सोडवायला गेलो म्हटलं की केस हलकी होते. मी सही केली. मला वाटलं, यात तुझं काय जातंय? उलट तू बिचारी ठरतेस. तुला बिचारी म्हणवून घ्यायचंय का, हे विचारायचं सुचलंच नाही.

तू माझ्यापुढं येऊन उभी राहिलीस. "मी सरांना काय म्हणले ते ऐकलास का न्हाई?"

"न्हाई," मी म्हणालो.

"हातभर लांब होतास तू."

"न्हाई ऐकलं."

आणि तू मारलीस. कानाखाली, पाय रोवून, खांद्यातून. फोरहँड होता. डाव्या कानात अजून भुंगा वाजायलाय. भागाबाई म्हणाल्या, "आता पुरं, पाणी द्या त्याला." तू तांब्या आणलास आणि माझ्यापुढं आदळलास.

"ठसा बघितले मी," तू म्हणालीस. "लाईनीला चिकटून आत होता. चुकले होते मी. सरांना म्हणले, सर, आत हाय, पॉइंट तिचा. एवढंच. सुधारानी जाळीच्या पल्याड, तिला ऐकू गेलं न्हाई. ऐकलेली दोनच माणसं. एकानं जबडा बांधून घेतलाय अन् दुसरा तू. चौकशीची कमिटी म्हणती, पोरगी चीटर. खोटा कॉल दिला अन् पकडली गेली म्हणून पोरगा अंगावर घातला. पुढच्या महिन्यात झोनची ट्रायल हाय, टीम बंद असली तरी एकेकटीचं नाव जातंय. माझं नाव कापायलेत. चीटर म्हणून कापायलेत, संकर्षण. हरले असते तर घरी येऊन जेवले असते."

मी गप्प होतो. आत्ता बोलतो. ऐकलं होतं. 'सर, आत हाय' हे शब्द कानावर पडले तेव्हा माझा हात खांद्याच्या वर होता. थांबवता आला असता. सर्व्ह करताना टॉस वाकडा गेला तर आपण हात थांबवतोच की. पण मला वाटलं, ही भीतीनं कबूल करायलीय, सर उगाच धाक घालायलेत. आणि खरं सांगू, तेवढंही वाटलं नाही. मला फक्त मारायचं होतं.

कमिटीपुढं जाऊन सांगतो. जबाब माघारी घेतो. वकीलकाका गेले खड्ड्यात.

संकर्षण

बीदर, २० नोव्हेंबर

रूपाली,

सांगितलं. उपयोग झाला नाही.

तीन जण बसले होते, पण बोलत होत्या त्या जयंती मॅडमच. मी उभा राहून सगळं सांगितलं, तू काय म्हणालीस, मी कुठं होतो, दंड धरल्याचं कसं खोटं आहे. मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"बाळ, तू हिच्यासाठी माणसाचा जबडा मोडलास?"

"व्हय."

"हिच्यासाठी कॉलेज सोडलंस?"

"व्हय."

"मग हिच्यासाठी खोटं बोलायला तुला किती जड जाईल?"

मी टेबल उलटं केलं. म्हणजे करायला गेलो, ते जमिनीत ठोकलेलं होतं. पाण्याचे ग्लास तेवढे पडले. मॅडम जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "बघ. आज एक सांगतोस, पोलिसांत दुसरं लिहून दिलंस, अन् राग आला की हे. तुझ्या शब्दावर मी त्या पोरीचं नाव कसं परत लिहू? वीरभद्रप्पा सरांनी सांगावं, मी आजच्या आज लिहिते. त्यांना विचारलं तर ते मान हलवतायत, 'मला काही सांगायचं नाही.' का, ते तुझं तूच बघ."

बाहेर व्हरांड्यात गिरिधर होता, मनगटाला पट्टी. "काय रे मजनू, सुटली का तुझी चीटर?" म्हणाला. मी त्याला मारलं नाही. शेजारी जिमखान्याचा फोटो होता, दोन्ही टीमांचा, काचेतला. त्याच्यावर मूठ घातली. काच हातात घुसली, टाके पडलेत, म्हणून आज डाव्या हातानं लिहायलोय. गिरिधरच रिक्षात घालून मला दवाखान्यात घेऊन गेला, वाटभर आई-बहिणीवरून शिव्या देत. शेवटी म्हणाला, "तिचा बॅकहँड आमच्या टीममधल्या दोघांपेक्षा बरा हाय, येड्या. तू नसतास तर पुढच्या महिन्यात ती झोनमध्ये असती."

एवढं कुणीच मला लागट बोललं नव्हतं. कासराही.

तर आता एकच माणूस उरलाय. सर करजगीला आपल्या घरी आहेत, धाकट्या भावाकडं. दोन दिवसांत मामाच्या दुकानातलं काम उरकून तिकडं निघणार. पिशवीत जॅकचा रॉड घातलाय. कशाला, ते विचारू नको, मलाही ठाऊक नाही. ते खरं बोलले तर रॉड तसाच परत आणीन. नाही बोलले तर त्यांचं तोंड तसंही बांधलेलं आहे, ओरडणार कसे?

हे वाचून तू घाबरलीस तर घाबर. मला दुसरं काही येत नाही. बॉल माझ्याकडं आला की मी जोरात मारतो, एवढाच माझा खेळ. गेल्या वर्षी तूच म्हणाली होतीस.

संकर्षण

करजगी, २३ नोव्हेंबर

रूपाली,

हा कागद सरांच्या ओसरीवर बसून लिहायलोय. सर समोर खुर्चीत आहेत. लिहून झाला की ते आधी वाचणार आणि मग स्वतः तुझ्याकडं पोचवणार. तसं ठरलंय. कसं ठरलं, ते ऐक.

अफजलपूरच्या बसमधून उतरलो तेव्हा ऊस तोडणारे रस्त्याकडेला भाकरी खात होते. घर विचारलं. एकानं माझ्या हाताची पट्टी, पिशवीतून वर आलेला रॉड बघितला आणि उलटा पत्ता सांगितला. गावाला फेरी मारून पुन्हा तिथंच आलो. मग एका बाईनं नेऊन सोडलं.

दारात शिवशंकरप्पा होता. सरांचा भाऊ. दार भरून उभा. मी म्हणालो, "मी संकर्षण. सरांना मारलेला."

तो माझ्या पिशवीकडं बघत राहिला. तेव्हा मला कळलं की मी पिशवीत हात घातलाय. रॉड मुठीत होता. रूपाली, त्या क्षणी मी काय करणार होतो हे मी तुला सांगू शकत नाही, कारण मला कळायच्या आधी मी तो बाहेर काढला होता. बाहेर काढला आणि उंबऱ्यावर ठेवला. त्याच्या पायापाशी. एवढंच एक काम गेल्या महिनाभरात मी नीट केलं.

त्यानं तो उचलला. पहिला मांडीवर, मी गुडघ्यावर आलो. दुसरा बरगडीत. श्वास आत गेला तो बाहेर येईना. तिसऱ्याला मी हात मध्ये घातला, टाक्यांचा, टाके उसवले. त्यानं कानडीत काहीतरी म्हटलं आणि केस धरून माझं तोंड उंबऱ्यावर आपटलं. पुढचा एक दात गेलाय. मी ओरडलो असेन, पण हात वर केला नाही. यात शौर्य काही नाही. बरगडी मोडली की हात वर जात नाही, एवढंच.

"साकु, बिडु," पुरे, सोड, असं कुणीतरी आतून म्हणालं. दात न उघडता म्हटलेलं, घोगरं. भाऊ थांबला.

सर बाहेर आले. मी त्यांना ओळखलं नाही. गाल आत गेलेत. त्यांनी भावाला पाणी आणायला लावलं, माझं तोंड धुवायला. मग खुर्चीत बसले.

"कशाला आलास?" तारेच्या फटीतून शब्द येतात, कान द्यावा लागतो.

"तुम्ही ऐकलंत ते कमिटीला सांगा, सर. ती म्हणाली, आत हाय, पॉइंट तिचा."

"ऐकलो मी." बोलणं दुखतं त्यांना. "मी वाकलो होतो. ठसा दिसला. पोरगी म्हणाली, सर, आत हाय. मी मान वर केली. तिला शाब्बास म्हणायला तोंड उघडलं अन् तू आलास. डॉक्टर म्हणाले, तोंड मिटलेलं असतं तर एवढं मोडलं नसतं."

मी खाली बघितलं. माझं रक्त त्यांच्या फरशीवर पडत होतं, भावजय फडकं घेऊन उभी होती, मी बाजूला सरकेपर्यंत थांबली.

"येता येता जे बोललो ते माझं तोंड," सर म्हणाले. "पोरींबद्दल तसं बोलायला नको होतं. त्याची माफी तिला मागीन, तुला न्हाई. पण तू लिहून दिलास की मी तिचा दंड धरलो. जन्म गेला पोरींना खेळ शिकवण्यात. तो कागद इथवर आला. ही जी फडकं घेऊन उभीय, हिनं पंधरा दिवस मला आंबील दिली नाही, मुलाच्या हाती पाठवली. म्हणून मी गप्प बसलो. जाऊ दे म्हटलं पोरीचंबी, जाऊ दे सगळ्यांचंच."

शिवशंकरप्पा म्हणाला, "अण्णा, ह्याला आत्ता पोलिसात देऊ."

"देऊ की. तो स्वतः जाईल." मग माझ्याकडं वळून, "सोमवारी तू जबाब बदल. झटापट झाली नव्हती, मुलीला कुणी धरलं नव्हतं, मी विनाकारण मारलं, असं लिहून दे. वकील काय म्हणायचं ते म्हणू दे. मी सोमवारीच गाडी करून कमिटीपुढं जातो. बांधलेल्या तोंडानं सांगतो."

मी हो म्हणालो. लगेच.

"आणखी एक हाय." त्यांनी बोटानं मला जवळ बोलावलं. "पुन्हा तिच्या कोर्टाजवळ दिसायचं न्हाई. फोन न्हाई, चिठ्ठी न्हाई, मैत्रिणीच्या हाती निरोप न्हाई. ती खेळती तवर."

"ते कामून, सर? ते आमचं—"

"तुमचं काय? तिनं कधी 'व्हय' म्हटलंय तुला?"

मी जिभेनं दाताची फट चाचपली.

"लाईन सांगताना पोरीनं बॉलकडं बघायचं का तारेपल्याड कोण उभाय तिकडं? खरं सांगितलं तर तू कुणाला मारशील, खोटं सांगितलं तर कुणाला मारशील, हे तिनं का मोजायचं?"

शिवशंकरप्पानं रॉड भिंतीला टेकवला. त्याची गरज उरली नव्हती.

मी एक कागद मागितला. शेवटचा म्हणून. सरांनी दिला, पेनही त्यांचाच आहे. म्हणाले, "मी वाचणार."

तर रूपाली, असं आहे. सोमवारी मी चौकीत असेन. आत ठेवतील का सोडतील, ते तुला कुणी सांगायचं नाही, मी बजावलंय. तुझं नाव परत लागलं का, हे मीही कुणाला विचारणार नाही. कमिटीत मॅडम जे विचारतील त्याला तू सरळ उत्तर दे, माझी बाजू राखू नको. तू तशी राखणार नव्हतीसच.

नरसिंगअण्णांना आणि भागाबाईंना सांग की गावात कुणी दंडाचं काढलं तर त्यांनी माझं नाव घ्यावं. खोटं मी लिहिलं. वर बाबांचं नावही सांगावं, मुकुंदराव मास्तर, बीदर. त्यांना सवय झालीय.

आता सर हात पुढं करायलेत.

इथं वरती एक ओळ खोडलेली दिसेल. गिरवून गिरवून खोडलीय, उजेडापुढं धरलीस तरी वाचता येणार नाही. ती सरांनी खोडली असं समजू नको. मीच खोडली.

संकर्षण